काठाची धूसरता, मधला पडदा

जुन्या वाइड-अँगल दुर्बिणींची तुलना निघाली की बोट हटकून दृश्याच्या काठावर ठेवलं जातं: मधोमध सुरेख, कडेला धूसर, म्हणून दुर्बीण बाद. हा निकाल मला घाईचा वाटतो. दुर्बिणीचं दृश्य किती रुंद हे मोजायला पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरात इमारतीच फूटपट्टीचं काम करतात. मजला ढोबळमानाने ३ मीटरचा धरला, तर ३०० मीटरवरून ८.५ अंशांच्या दृष्टिक्षेत्रात १५ मजले मावतात. येनाच्या झाइस कारखान्यात १९२० पासून बनलेली डेल्ट्रिंटेम ८×३० आणि तिची धाकटी बहीण येनोप्टेम एवढं क्षेत्र देतात. साठ-सत्तरच्या दशकातल्या ११ अंशांच्या जपानी ७×३५ मध्ये १९ मजले बसतात, तर साडेसात अंशांच्या आजच्या ८×४२ मध्ये जेमतेम १३. हा रुंदपणा हाइनरिश एर्फलेच्या १९१७ च्या नेत्रिकेची देणगी, आणि काठाची धूसरता ही तिचीच किंमत. मात्र सगळी धूसरता एका जातीची नसते. काठावरची खिडकी फोकस फिरवल्यावर स्पष्ट झाली, तर दोष दृश्याच्या वक्रतेचा. तरीही फाटलेलीच राहिली, तर दृष्टिवैषम्याचा. पहिला बराचसा सोसता येतो.

काठ वापरताच येत नसेल तर अंशांचा आकडा फसवाच, असा आक्षेप येईल. पण आपल्या डोळ्यालाही बारीक तपशील मधल्या दोन-तीन अंशांतच दिसतो. बाकीचा भाग हालचाल टिपायला असतो. पवनेच्या पात्रावरून उडणारा शेकाट्या किंवा घिरट्या घालणारी घार काठाशी शिरते, हात वळतो, पक्षी मध्यावर येतो. त्या क्षणापुरता काठ धूसर असला तरी काम होतं. ताऱ्यांचं मात्र वेगळं. तिथे काठावरच्या ठिपक्याला पंख फुटतात, आणि आकाश पाहणाऱ्याची तक्रार रास्त ठरते.

खरं नुकसान मधोमध होतं, आणि ते कमी जणांच्या लक्षात येतं. एर्फले नेत्रिकेच्या अशा दुर्बिणीत हवा आणि काच भेटते असे एका नळीत साधारण १२ पृष्ठभाग. काचेवर परावर्तन रोखणारा लेप नसेल तर प्रत्येकाशी सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. शेवटी ६१ टक्केच डोळ्यापर्यंत येतो. अलेक्झांडर स्माकुला यांनी झाइसमध्ये १९३५ मध्ये शोधलेल्या लेपाचा एक थर दिला आणि तोटा दीड टक्क्यावर आला, तर ८३ टक्के मिळतो. बहुस्तरीय लेपाने ९४ च्या आसपास. भरदुपारी प्रकाशाला तोटा नसतो, मग आकड्यांची चिंता कशाला? कारण परतलेला प्रकाश सगळा बाहेर जात नाही. त्यातला काही नळीतच भटकतो आणि दृश्यावर पांढुरका पडदा धरतो. उन्हाळ्यात रस्त्याची धूळ आधीच आकाश पांढरं करते. त्यावर हा पडदा आला की घारीच्या पंखाखालच्या खुणा पुसल्या जातात. पावसाळ्यात दमट चामडी पेटीत पडून राहिलेल्या दुर्बिणीत बुरशी हेच काम आणखी जोमाने करते. त्यामुळे मॉडेलपेक्षा हातातला नग तपासावा: वस्तुभिंगातून टॉर्च मारली की आतलं कोळिष्टकासारखं जाळं लगेच दिसतं.

लोलकाच्या काचेचा मात्र उगाच बाऊ होतो. साध्या बीके-७ काचेमुळे नेत्रिकेतला उजेडाचा गोल ठिपका कडेने करडा, चौकोनी दिसतो, हे खरं. पण ७×३५ चा ठिपका ५ मिलिमीटरचा आणि दुपारी बाहुली असते दोन-तीनची. करडी कड बुबुळावर पडते, आत जातच नाही. त्यापेक्षा चष्मा मोठी अडचण. या दुर्बिणींना डोळा अगदी चिकटवावा लागतो, म्हणून चष्मेवाल्यांना १९ मजल्यांपैकी बरेच दिसतच नाहीत. नुसता मायनस नंबर असेल तर चष्मा काढून फोकसने भागतं. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर या जुन्या दुर्बिणींच्या वाटेला न गेलेलं बरं.