विश्लेषण : टू-स्ट्रोक बाइकचे वेड अजून का उतरत नाही? आणि त्या परत का येऊ शकत नाहीत?

सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या गर्दीत एखादी जुनी यामाहा ‘आरएक्स १००’ आली, की पन्नाशीतले दोन-चार जण तरी मान वळवून पाहतात. गाडी दिसण्याआधी तिचे फायरिंग ऐकू येते आणि ती पुढे गेल्यावर जळक्या ऑइलचा वास मागे राहतो. कॉलेजचे दिवस, वडिलांची येझदी, मित्राकडून एक चक्कर मारायला मागून घेतलेली आरएक्स असे बरेच काही त्या वासाबरोबर आठवते. पण या गाड्या केवळ फॅशन बदलली म्हणून गेल्या नाहीत. ज्या रचनेमुळे त्या हव्याहव्याशा वाटत, त्याच रचनेने त्यांना रस्त्याबाहेर काढले.

टू-स्ट्रोक म्हणजे नेमके काय?

आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार फेऱ्यांत, म्हणजे क्रँकशाफ्टच्या दोन वळशांत, इंधनाचा एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक वळशाला स्फोट होतो. शिवाय व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट वगैरे भाग नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली छिद्रे पिस्टन स्वतःच वर-खाली जाताना उघडतो आणि बंद करतो. परिणामी इंजिन हलके, सुटसुटीत आणि त्याच आकारात जास्त ताकदीचे होते. १९८५ मध्ये भारतात आलेल्या दोन गाड्या पाहिल्या की फरक लक्षात येतो. ९८ सीसीच्या आरएक्स १०० ची ताकद ११ बीएचपी होती, तर जवळपास तेवढ्याच क्षमतेच्या फोर-स्ट्रोक हिरो होंडा सीडी १०० ची सुमारे ७ बीएचपी. आरएक्सचे वजन साधारण शंभर किलो. त्यामुळे ॲक्सिलरेटर पिळताच गाडी हातातून निसटल्यासारखी पळे. ‘पिकअप’ या शब्दाशी तिचे नाव जोडले गेले ते यामुळे.

भारतात कोणत्या टू-स्ट्रोक गाड्या गाजल्या?

ही यादी मोठी आहे. एस्कॉर्ट्स कंपनीने साठच्या दशकात पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलवर आधारित ‘राजदूत १७५’ आणली. दूधवाले, शेतकरी आणि ग्रामीण भागातले नोकरदार यांची ती हक्काची गाडी झाली. तिचीच छोटी बहीण जीटीएस, १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटामुळे ‘बॉबी राजदूत’ म्हणून ओळखली गेली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून आधी जावा आणि नंतर येझदी बाहेर पडली. दोन सायलेन्सर आणि किक व गिअरसाठी एकच दांडा ही तिची खूण. १९८३ मध्ये आलेली दोन सिलिंडरची राजदूत ३५० तर काळाच्या पुढची होती. ती वेगवान होती, पण तिची पेट्रोलची भूक त्या काळच्या खिशाला परवडणारी नव्हती.

महाराष्ट्राचा या इतिहासात मोठा वाटा आहे. १९७२ पासून आकुर्डीच्या बजाज ऑटोने बनवलेली चेतक स्कूटर आणि त्याच वर्षी कायनेटिकने आणलेली ५० सीसीची लुना, दोन्ही टू-स्ट्रोकच होत्या. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबलेली कुटुंबे घरोघरी होती.

हा हळवेपणा नेमका कशाचा?

केवळ वेगाचा नाही. तसे असते तर चेतक आणि लुनाची आठवण कोणी काढली नसती. या गाड्या मालकाकडून काम करून घेत. पेट्रोल भरताना मोजून ऑइल टाकावे लागे. पंपावर त्यासाठी २टी ऑइलचे वेगळे यंत्र असे. ऑइल कमी पडले तर पिस्टन जाम होण्याची भीती, जास्त झाले तर प्लग काळा. गाडी सुरू होईना म्हणून प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे, पेट्रोल संपत आल्यावर चेतक एका बाजूला झुकवणे, कार्बन धरलेला सायलेन्सर काढून साफ करणे, ही कामे अनेकांनी वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या शेजारी बसून शिकली. आरएक्समध्ये ऑइलची टाकी आणि पंप वेगळा असल्याने मिसळण्याचा त्रास वाचला, तरी पाना-पक्कड सुटली नाही.

आजच्या बाइकमध्ये बिघाड शोधायला मेकॅनिकलाही स्कॅनर जोडावा लागतो. गाडी स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येते, हा विश्वास त्या पिढीबरोबर मागे पडला. आठवण येते ती बऱ्याच अंशी त्या विश्वासाची.

मग घोडे अडले कुठे?

धुरात. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर जाण्याचा आणि पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण आत येण्याचा मार्ग काही क्षण एकाच वेळी उघडा असतो. साध्या कार्बोरेटरच्या इंजिनात १५ ते ४० टक्के इंधन न जळताच सायलेन्सरमधून निघून जाऊ शकते. ॲव्हरेज कमी मिळण्याचे आणि हवेत हायड्रोकार्बन सोडले जाण्याचे हे मुख्य कारण. दुसरे कारण ऑइलचे. फोर-स्ट्रोकमध्ये ते इंजिनाच्या तळाशी राहून पुन्हा पुन्हा वापरले जाते. टू-स्ट्रोकमध्ये ते पेट्रोलबरोबर आत जाते आणि जळून निळसर धूर बनते. म्हणजे व्हॉल्व्ह नसल्याने मिळणारा हलकेपणा आणि नाकाला झोंबणारा धूर ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. आज ज्या वासाने गतकाळ आठवतो, तो वास म्हणजे न जळालेले पेट्रोल आणि अर्धवट जळालेले ऑइलच.

या गाड्या रस्त्यावरून कशा गेल्या?

बंदीचा एखादा हुकूम निघाला आणि त्या गेल्या, असे घडले नाही. नियम टप्प्याटप्प्याने आवळत गेले. दुचाकीच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांची एकत्रित मर्यादा १९९६ मध्ये किलोमीटरमागे ३.६ ग्रॅम होती. ती २००० मध्ये २ ग्रॅम, २००५ मध्ये १.५ ग्रॅम आणि २०१० मध्ये १ ग्रॅमवर आली. काही कंपन्यांनी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवून टू-स्ट्रोक काही काळ तगवली, पण खर्च वाढला आणि ताकदीचा फायदा घटला.

दुसरीकडे ग्राहकही बदलला होता. एका लिटरमध्ये ८० किलोमीटरचा दावा करणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्यांपुढे पिकअपचे आकर्षण टिकले नाही. १९९६ मध्ये आरएक्स १०० चे उत्पादन थांबले आणि म्हैसूरचा येझदीचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला.

जुनी नावे परत आली, मग टू-स्ट्रोक का नाही?

नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा आणि जानेवारी २०२२ मध्ये येझदी हे ब्रँड परतले. टाकीवरची अक्षरे जुनी असली तरी इंजिन फोर-स्ट्रोक आहे. बीएस-६ नियमांत हायड्रोकार्बनची मर्यादा किलोमीटरमागे ०.१ ग्रॅम इतकी खाली आली आहे. साध्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकला तिथवर पोहोचणे अशक्य आहे. स्वच्छ टू-स्ट्रोकचे तंत्र जगात अस्तित्वात आहे. केटीएमने २०१७ पासून शर्यतीसारख्या वापराच्या एन्ड्युरो गाड्यांत इंधन फवारणारी टू-स्ट्रोक इंजिने दिली. मात्र ती महाग आहेत आणि रोज कामावर जाणाऱ्यासाठी बनलेली नाहीत.

आज जुनी टू-स्ट्रोक बाळगायची तर?

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडीची तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झाले होते. विंटेज वाहनांसाठी २०२१ मध्ये केंद्राने वेगळे नियम केले, पण त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते. तिचा रोजचा वापरही करता येत नाही. पहिल्या आरएक्स १०० ला ही पन्नाशी गाठायला २०३५ उजाडेल. तोवर ती कायद्याच्या दृष्टीने वारसा नव्हे, फक्त जुनी गाडी आहे.

म्हणून जुनी गाडी घेताना इंजिन आणि चासी क्रमांक आरसी बुकशी जुळतो का, नोंदणी चालू आहे का, हे आधी पाहावे. कागद नसलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी पुढे डोकेदुखी ठरते. आवाज वाढवण्यासाठी सायलेन्सर बदलणे तर थेट दंडाला आमंत्रण. पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारात सुटे भाग मिळतात, पण मूळ भाग दुर्मीळ होत चालले आहेत. त्याहून दुर्मीळ आहे तो नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारा जुना मिस्त्री.

रविवारी सकाळी गाडी बाहेर काढून गावाबाहेर एक चक्कर मारण्याने शहराची हवा फारशी बिघडत नाही. रस्त्यावरच्या बहुतेक दुचाकी टू-स्ट्रोक होत्या तेव्हा ती बिघडत होती. त्या काळी चौकात उभा राहणारा वाहतूक पोलीस आणि रिक्षाच्या मागे अडकलेला सायकलस्वार यांच्या आठवणीतही हा वास आहे, पण तो त्यांना हवासा वाटण्याची शक्यता कमीच. जुन्या गाडीवर प्रेम करायला हरकत नाही. तिच्या धुराची आठवणही तितकीच खरी ठेवायला हवी.