राजीनाम्याच्या आधीचा हिशोब

आम्ही दोघी जावा, भिंगारच्या. एक पुण्याच्या कंपनीत अकरा वर्षं नोकरीला होती, दुसरी नगरला एका विमा कंपनीत. दोघींनीही नोकरी सोडली आणि घरी शेंगदाण्याची, जवसाची चटणी आणि हुलग्याची शेंगोळी करून विकायला लागलो. आता पुष्कळ जणी विचारतात, "आम्हीही सोडू का नोकरी?" त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं.

जयंती कठाळे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. इन्फोसिसमधली नोकरी सोडून त्यांनी बंगळुरूत 'पूर्णब्रह्म' हे मराठी जेवणाचं हॉटेल उभं केलं. तिथं नऊवारी नेसून जेवण वाढतात. ती गोष्ट ऐकून आम्हालाही हुरूप आला. पण अशा गोष्टीत राजीनामा लक्षात राहतो आणि यश लक्षात राहतं. मधला हिशोब कुणी विचारत नाही. आम्हीही विचारला नव्हता.

आमची चूक सांगतो. पाच किलो शेंगदाण्याच्या चटणीला शेंगदाणे ७०० रुपयांचे, लसूण-तिखट-जिरं-मीठ २५० चं, गॅस आणि वीज १००, पिशव्या आणि लेबलं १२०. एकूण ११७०. आम्ही ३०० रुपये किलोनं विकली, १५०० आले. ३३० रुपये नफा म्हणून खूश झालो! सात महिन्यांनी पाहतो तर साठवलेले पैसे संपलेले, आणि घराच्या कर्जाचा हप्ता भरायला सासूबाईंची ठेव मोडायची वेळ आली. त्या काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग वही घेऊन बसलो. भाजणं, सालं पाखडणं, कुटणं, भरणं यात दोघींचे मिळून बारा तास जात होते. तासाला ५० रुपये धरले तरी ६०० होतात. दुकानदाराचे शेकडा १५ म्हणजे २२५. हे दोन्ही आम्ही धरलेच नव्हते. म्हणजे पाच किलोमागे ३३० चा नफा नव्हता, ४९५ चा तोटा होता.

१९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथं पापड लाटणारीला लाटल्याप्रमाणे मजुरी मिळते. आपल्या घरी मात्र आपण आपलीच मजुरी शून्य धरतो.

आम्ही दोन गोष्टी बदलल्या. एका वेळी पंधरा किलो करायला लागलो, त्यामुळे पाच किलोमागे सहाच तास लागतात. आणि भाव ४४० केला. आता २२०० येतात. त्यातून माल ११७०, मजुरी ३००, दुकानदार ३३० वजा जाता ४०० उरतात. भाव वाढल्यावर काही गिऱ्हाईक तुटलं. पण छावणीतल्या परप्रांतीय कुटुंबांसाठी कमी तिखटाची वेगळी पिशवी काढली, ती चांगली चालली.

आता कागदपत्रं. घरून विकलं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना साधी नोंदणी होती, शुल्क वर्षाला १०० रुपये. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करताना अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चालू मर्यादा विचारून घ्या. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो पिशवीवर छापायचा. सोबत घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, बॅच क्रमांक, किंमत, पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण. उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. यंत्र घ्यायचं असेल तर २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेची कृषी विभागात चौकशी करा. तिच्यात कर्जाला जोडून ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठरवलं होतं. पण अनुदान मिळेल म्हणून यंत्र घेऊ नका. आधी तेवढी मागणी आहे का ते पाहा.

तर नोकरी सोडावी का? आमचं म्हणणं असं, की आधी नोकरीत राहून सुटीच्या दिवशी सहा महिने विका. नात्यातल्यांनी घेतलेला माल मोजू नका. अनोळखी बाई दुसऱ्यांदा पिशवी मागायला आली, तर ती मोजा. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला काढा. आणि वहीत स्वतःची मजुरी लिहा, रोज.

आमच्यातली एक आता सकाळी अर्धा दिवस हिशोबाचं काम करायला जाते. लोक म्हणतात, "परत नोकरीच धरली ना?" धरली. त्या पगारातून हप्ता जातो आणि चटणीचे पैसे चटणीतच राहतात. सासूबाईंची ठेव गेल्या दिवाळीत पुन्हा भरली. त्यांचीही मजुरी आता वहीत लिहितो, कारण लसूण त्याच सोलतात.