घाटातील वाहनचालन: उताराचे शास्त्र आणि चालकाचा संयम

रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी असल्यामुळे देशावर जाणाऱ्या वाहनाला घाट चढावाच लागतो. साखरप्यापुढील आंबा घाट आणि चिपळूणहून पाटणकडे जाणारा कुंभार्ली घाट हे वर्दळीचे मार्ग होत. खेड तालुक्यातील खोपीहून शिंदीकडे चढणारा रघुवीर घाट मात्र शिवसागर जलाशयाकाठच्या कांदाटी खोऱ्यातील गावांना खेडच्या बाजारपेठेशी जोडतो. लडाखमधील ५,३५९ मीटर उंचीच्या खार्दुंग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येत असल्याने इंजिनाची शक्ती घटते. सह्याद्रीत हवा पुरेशी असते, परंतु पाऊस, धुके आणि दरडी चालकाचा कस पाहतात.

कच्च्या वाटेवर पहिला प्रश्न पकडीचा, म्हणजे टायर आणि जमीन यांच्यातील घर्षणाचा असतो. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ‘डिफरेन्शियल’ ही दातेरी चक्रांची रचना आसावर बसवलेली असते. तथापि एक चाक चिखलात पकड हरवून गरगरू लागले की याच रचनेमुळे दुसऱ्या चाकालाही पुरेसा जोर मिळत नाही. अशा वेळी जाणकार चालक ॲक्सिलरेटर दाबत राहत नाही, कारण त्याने चाक अधिकच रुतते. तो चारही चाकांना जोर देणारी फोर व्हील ड्राइव्ह व्यवस्था चिखलात शिरण्यापूर्वीच जोडून घेतो आणि संथ, एकसारख्या गतीने पुढे सरकतो.

उतार त्याहून कठीण असतो. दोन टन वजनाचे वाहन ५०० मीटर खाली उतरताना सुमारे ९८ लाख जूल ऊर्जा मुक्त होते, म्हणजे साधारण ३० लिटर पाणी उकळेल इतकी. तिचा मोठा भाग ब्रेकवर पडल्यास ते तापून निकामी होऊ शकतात. म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा चालकांचा जुना नियम इंजिनाच्या रोधाचा उपयोग करून घेतो, तर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा रोधच गमावणे ठरते. अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियमही आहे.

दरडीची चिन्हे दिसताच मागे फिरणे हाही याच कौशल्याचा भाग मानला पाहिजे. कारण हौसेने आलेल्या चालकाला दुसरा दिवस निवडता येतो, परंतु त्याच्या अडकलेल्या गाडीने वाट अडवली तर खोऱ्यातील रुग्णाला दवाखाना गाठण्याचा मार्गच बंद होतो.