गोधडी आणि चीवर
वैजापूरच्या गावखेड्यांत जुनी लुगडी-धोतरे फेकली जात नसत. त्यांची गोधडी होई. वर-खाली सलग लुगडे, मध्ये चिंध्यांचे थर आणि त्यांना धरून ठेवणारा धावदोरा. टाके जितके जवळ, तितकी गोधडी टिकाऊ.

ही काटकसर धम्माला परकी नाही. इतक्या चीवरांचे काय करणार, असे राजा उदेनाने विचारता आनंदांनी दिलेले उत्तर विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे : जीर्ण चीवरांची आच्छादने, पुढे गाद्यांच्या खोळी, पायपुसणी, फडकी, अखेरीस त्यांच्या चिंध्या कुटून, चिखलात कालवून जमीन सारवायची.

गावगाड्याने मृताचे वस्त्र आपल्या माथी मारले होते. बाबासाहेबांच्या चळवळीने नाकारला तो हा अपमान. आपल्या हातचे कसब नव्हे. ते कसब आपल्या मुलामुलींनी आजीकडून अवश्य शिकून घ्यावे.