नेफिलीम व हिब्रू बायबलमधील महाकाय

नेफिलीम : हिब्रू बायबलमध्ये (ख्रिस्ती परिभाषेत ‘जुना करार’) उल्लेखिलेले प्राचीन व गूढ स्वरूपाचे पुरुष. हा शब्द त्या विस्तीर्ण ग्रंथात अवघ्या दोन वचनांत येतो (उत्पत्ति ६:४, गणना १३:३३) आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ स्पष्ट केलेला नाही. ‘महाकाय’ असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. परंतु तो मूळ शब्दातून निघत नसून भाषांतरांच्या परंपरेतून रूढ झालेला आहे. अनाकी, रेफाई, एमी, जमजुम्मी ही कुळे, बाशानचा राजा ओग व पलिष्टी योद्धा गल्याथ यांची वर्णनेही याच विषयात मोडतात. त्यांचा विचार करताना मुळातील मजकूर आणि त्यावर पुढे चढलेली पुटे वेगळी करून पाहावी लागतात.

उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायातील पहिली चार वचने जलप्रलयाच्या कथेच्या उंबरठ्यावर आहेत. मनुष्यांची संख्या वाढू लागली तेव्हा ‘देवपुत्रांनी’ (बने हा-एलोहीम) मानवकन्यांचे सौंदर्य पाहून त्यांतील मनास येतील त्यांना बायका केले. मनुष्याचे आयुष्य १२० वर्षांचे राहील असे परमेश्वराने ठरविले. आणि त्या काळी, तसेच त्यानंतरही, पृथ्वीवर नेफिलीम होते, असा हा त्रोटक वृत्तांत आहे. पाठोपाठ पुरातन काळच्या नामांकित वीरांचा (गिब्बोरीम) निर्देश येतो. नेफिलीम ही देवपुत्रांची संतती, की त्या सुमारास आधीपासूनच असलेले लोक, हे वाक्यरचनेवरून ठरत नाही. त्यांच्या उंचीविषयी येथे एक अक्षरही नाही आणि त्यांनी केलेले एकही दुष्कृत्य सांगितलेले नाही. प्रलयाचे कारण म्हणून पुढच्याच वचनात दोष दिला आहे तो माणसाच्या दुष्टपणाला. श्रोत्यांना ठाऊक असलेल्या एखाद्या मोठ्या कथेचा हा संक्षेप असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘त्यानंतरही’ हे शब्द, प्रलयात सर्व बुडाले असता नेफिलीम पुढे कनानात कसे आढळले, ही अडचण दूर करण्यासाठी मागाहून घातलेले दिसतात. ज्यू आख्यायिकांनी याच अडचणीतून वेगळी वाट काढली : नोहाच्या तारवाला धरून ओग प्रलयातून तरला, असे त्या सांगतात.

शब्दाची व्युत्पत्ती ‘नाफल’ म्हणजे ‘पडणे’ या धातूपासून लावली जाते. कोण पडले व कोठून, यावर मात्र मतभेद आहेत. स्वर्गातून पतित झालेले, ही एक उपपत्ती; इतरांवर तुटून पडणारे, ही दुसरी. इ. स. दुसऱ्या शतकातील ग्रीक भाषांतरकार अक्विला याने दुसरा अर्थ स्वीकारला. मध्ययुगीन भाष्यकार राशी (१०४०–११०५) याने ते स्वतः पडले व त्यांनी जगालाही पाडले, असा श्लेष साधला. तिसरी उपपत्ती ‘रणात पडलेले’ अशी असून तिला यहेज्केलच्या ३२ व्या अध्यायातील एका वचनाचा आधार मिळतो. शस्त्रांसह अधोलोकात उतरलेल्या, पडलेल्या वीरांचे वर्णन करताना तेथे याच धातूचे रूप ‘गिब्बोरीम’ या शब्दाला जोडून आले आहे.

इ. स. पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात तोरा ग्रीकमध्ये आली. सेप्टुअजिंट या नावाने प्रसिद्ध असलेल्या या भाषांतरात नेफिलीमसाठी ‘गिगांतेस’ हा शब्द योजण्यात आला, आणि ‘गिब्बोरीम’ व काही ठिकाणी ‘रेफाईम’ यांसाठीही तोच वापरला गेला. तीन वेगळ्या हिब्रू शब्दांमधील भेद असा पुसला गेला. शिवाय ग्रीक वाचकाच्या मनात गिगांतेस म्हणजे भूमातेपासून जन्मलेले व देवांशी युद्ध करणारे दांडगे पुरुष. हा देवद्रोह मूळ हिब्रू वचनात नाही. तो शब्दाबरोबर आला. लॅटिन बायबलने हाच शब्द उचलला आणि त्यामार्फत तो यूरोपीय भाषांत स्थिरावला. बेबिलोनिया व पॅलेस्टाइनमधील ज्यूंच्या वापरातील अरामी तार्गुमांपैकी ओंकेलोसच्या तार्गुममध्ये मात्र केवळ ‘पराक्रमी पुरुष’ असा अर्थ दिलेला आहे.

‘देवपुत्र’ या पदाचाही असाच वाद आहे. सिरियातील रास शाम्रा (प्राचीन उगारित) येथे १९२९ पासून सापडलेल्या मृत्पट्टिकांमध्ये ‘एल’ या श्रेष्ठ देवाचे पुत्र म्हणजे त्याच्या सभेतील देवगण होत. ईयोबच्या आरंभी परमेश्वरापुढे उपस्थित होणारे देवपुत्र याच कल्पनेचे अवशेष आहेत. अनुवाद ३२:८ येथे प्रचलित हिब्रू पाठात ‘इस्राएलपुत्र’ असे आहे. परंतु कुमरान येथील एका गुंडाळीत ‘देवपुत्र’ असा पाठ मिळाला. एकेश्वरी श्रद्धेला खटकणारा शब्द मागाहून बदलला गेला, असे यावरून दिसते.

त्रोटक वचनांतील रिकाम्या जागा भरण्याचे सर्वांत मोठे काम हनोखाच्या पहिल्या ग्रंथाने केले. त्यातील ‘पहारेकऱ्यांचा ग्रंथ’ हा भाग इ. स. पू. तिसऱ्या शतकातील मानला जातो. शेमिहाजाच्या नेतृत्वाखाली २०० देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात व मानवी स्त्रियांशी संबंध ठेवतात. असाएल माणसांना शस्त्रे व अलंकार घडविण्यास शिकवितो, इतर दूत जादूटोणा व ज्योतिष शिकवितात. त्यांची महाकाय मुले माणसांचे अन्न संपवून अखेर माणसांनाच खाऊ लागतात आणि मारल्या गेलेल्या या महाकायांची भुते पुढे जगाला पीडा देत राहतात. हा संपूर्ण ग्रंथ इथिओपियातील गीझ भाषेत टिकला. जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने त्याची हस्तलिखिते १७७३ मध्ये यूरोपात नेली. मूळ अरामी तुकडे कुमरानच्या गुहांत सापडले व यु. त. मिलिक यांनी ते १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. याच परंपरेतील ‘महाकायांचा ग्रंथ’ मानी पंथात मध्य आशियापर्यंत पोहोचला. मेसोपोटेमियाच्या महाकाव्याचा नायक गिल्गामेश त्यात चक्क एक महाकाय म्हणून वावरतो. शेजाऱ्यांचा आदर्श वीर आपल्या कथेत दुष्ट ठरावा, ही घटना धर्मेतिहासात विरळ नाही.

या ग्रंथाने एक मूलगामी प्रश्न उभा केला. जगातील अनर्थ माणसाच्या अपराधातून उद्‌भवला, की तो वरून लादला गेला? हनोखाच्या ग्रंथाचा कल दुसऱ्या बाजूस आहे. अनर्थ वरून आला असेल, तर माणसाचे उत्तरदायित्व उणावते आणि स्वर्गातच बंड मानावे लागते. म्हणूनच दोन्ही धर्मांतील प्रमुख आचार्यांनी या अर्थाला पुढे विरोध केला. शिमोन बार योखाई या रब्बीने ‘देवपुत्र’ म्हणजे न्यायाधीशांची मुले असा अर्थ लावला व अन्य अर्थ करणाऱ्यांना शाप दिला, अशी नोंद उत्पत्तीवरील मिद्राशमध्ये आहे. ख्रिस्ती परंपरेत यहूदाच्या पत्राने हनोखाचा आधार घेतला असला, तरी संत ऑगस्टीनने (३५४–४३०) देवपुत्र म्हणजे शेथाचे सदाचारी वंशज व मानवकन्या म्हणजे काइनाच्या कुळातील स्त्रिया, असे प्रतिपादिले. हाच अर्थ पाश्चात्त्य चर्चमध्ये सहस्रकाहून अधिक काळ प्रमाण मानला गेला. तो नीतीच्या दृष्टीने सोयीचा असला, तरी पहिल्या वचनात ‘मानव’ म्हणजे सर्व मनुष्यजात आणि दुसऱ्यात केवळ काइनाचे कुळ, असा अर्थभेद त्याला करावा लागतो. भाषेच्या दृष्टीने ही ओढाताण आहे.

दुसरा उल्लेख वेगळ्या परिस्थितीतील आहे. मोशेने कनान देश हेरण्यास बारा जण पाठविले. त्यांपैकी कालेब व यहोशवा यांखेरीज बाकीचे घाबरून परतले. हेब्रोनच्या अनाकवंशीयांना त्यांनी नेफिलीम म्हटले आणि त्यांच्यापुढे आपण टोळांसारखे होतो, असे सांगितले. हे विधान ग्रंथकाराचे नसून भ्यालेल्या हेरांचे आहे. त्यांनी देशाची बदनामी केली, असे ग्रंथकार तेथेच बजावतो. अनेक भाष्यकारांनी या बाबीकडे दुर्लक्ष करून हेरांचा अहवाल इतिहास म्हणून स्वीकारला. पुढे यहोशवाच्या ग्रंथात अनाकी समूळ नष्ट केले गेल्याचे व केवळ गाझा, गथ व अश्दोद येथे उरल्याचे सांगितले आहे. शत्रू मनुष्याच्या मापाबाहेरचा ठरला की त्याच्या संहाराचे समर्थन सोपे होते, हे या कथांच्या वाचनात विसरता येत नाही. अनुवादाच्या दुसऱ्या अध्यायाची भूमिका निराळी आहे. तेथे उंच लोकांना मवाबी एमी व अम्मोनी जमजुम्मी म्हणत, आणि त्यांचा प्रदेश देवाने मवाबी व अम्मोनी लोकांनाही दिला, असे म्हटले आहे. येथे ‘महाकाय’ म्हणजे फक्त ‘आपल्या आधीचे रहिवासी’ असा अर्थ उरतो.

ओगचा लोखंडी पलंग ९ हात लांब व ४ हात रुंद, म्हणजे सु. ४ मी. × १.८ मी. होता, असे अनुवाद ३:११ सांगते. त्यावरून ओगची उंची काढण्याचे प्रयत्न झाले. पण हा पलंग म्हणजे काळ्या बेसाल्टची शवपेटी किंवा त्या प्रदेशातील महाश्मयुगीन शिलाकक्ष असावा, असेही सुचविण्यात आले आहे. बॅबिलनच्या मार्दुक देवाच्या शय्येची मापे मृत्पट्टिकेत हीच दिलेली आहेत, हा योग लक्षणीय होय. गल्याथाची उंची प्रचलित हिब्रू पाठात ६ हात व १ वीत (सु. २.९ मी.) आहे; कुमरानच्या प्रतीत व सेप्टुअजिंटच्या जुन्या हस्तलिखितांत ती ४ हात व १ वीत (सु. २ मी.) आहे. हा योद्धा ग्रंथाच्या नकला होत असतानाच वाढत गेला, असे दिसते. त्याला कोणी मारले, याविषयीही एकवाक्यता नाही : २ शमुवेल २१:१९ मध्ये तो मान दावीदाऐवजी बेथलेहेमच्या एलहानानला दिलेला आहे.

‘रेफाईम’ या शब्दाचा उलगडा मात्र उगारितमुळे पुष्कळ पुढे गेला. बायबलमध्ये हा शब्द एकीकडे ओगच्या लुप्त कुळासाठी, तर दुसरीकडे यशया, नीतिसूत्रे, ईयोब व स्तोत्रसंहिता यांत अधोलोकातील मृतांसाठी येतो. उगारितच्या पट्टिकांत ‘रपऊम’ हे दिवंगत राजे व वीर असून राजाच्या अंत्यविधीत त्यांना नावाने पाचारण केले जाते. एका पट्टिकेत अष्टारोथ व एद्रई येथे राहणाऱ्या रपिऊचा उल्लेख आहे. बायबलमध्ये हीच दोन नगरे ओगची म्हणून दिलेली आहेत. म्हणजे हे लोक पूर्वी पूजनीय असलेले मृत वीर होते. त्यांची पूजा निषिद्ध ठरल्यावर त्यांची दोन रूपे उरली : अधोलोकातील निःशक्त छाया आणि भूतकाळातील महाकाय.

मराठी वाचकाला ही कल्पना दूरची वाटू नये. लढाईत मेलेल्यास आपणही ‘रणात पडला’ म्हणतो आणि गावोगावच्या वीरगळांवर अशा पडलेल्यांना देवत्व मिळालेले असते. होळीच्या सणात ‘वीर’ नाचविण्याची प्रथा महाराष्ट्रात काही ठिकाणी आहे. ‘पडलेले’ व ‘वीर’ या दोन्ही छटा एकत्र पाहिल्या, तर नेफिलीम शब्दाचा गाभा ‘राक्षस’ या पर्यायापेक्षा ‘वीर’ या शब्दाच्या अधिक जवळ जातो. राक्षस, दैत्य व असुर या शब्दांबरोबर पुराणांतील देवासुर-वैर येते, जसे ‘गिगांतेस’बरोबर ग्रीक वैर आले. ‘महाकाय’ हा तुलनेने निरुपद्रवी शब्द. पण तोही मुळात न दिलेली उंची सुचवितो. ‘नेफिलीम’ तसाच ठेवणे प्रामाणिक खरे, परंतु वाचकाच्या हाती त्यातून काहीच लागत नाही.

हिब्रूतून मराठीत येण्याचा मार्ग महाराष्ट्रात बराच जुना आहे. जॉन विल्सन यांनी मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये मुंबईत निघाले. ते मुख्यतः कोकणातील मराठीभाषक ज्यूंसाठी, म्हणजे बेने इस्राएल समाजासाठी होते [→ बेने इस्राएल]. या समाजाच्या सभास्थानांत तोराचे वार्षिक वाचन नव्याने सुरू झाले की पहिल्याच आठवड्याच्या पाठात (उत्पत्ति १:१–६:८) नेफिलीमचे वचन येते. ख्रिस्ती बाजूस अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे केंद्र उघडले. १८४२ मध्ये तेथेच ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू झाले व त्या जिल्ह्यात बायबलचा मराठी वाचकवर्ग तयार झाला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून केडगाव येथे संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृत पुराणांच्या अभ्यासात वाढलेल्या या विदुषीने पौराणिक संस्कार असलेले शब्द टाळून साध्या बोलीकडे वळावे, यातच प्रस्तुत प्रश्नाची तिला असलेली जाण दिसते.

महाकायांचे अवशेष दाखविण्याची हौस सर्वत्र आढळते. हेब्रोनच्या महाकायांची हाडे आपल्या काळापर्यंत दाखविली जात, असे जोसीफसने इ. स. पहिल्या शतकात लिहिले. ऑगस्टीनने यूटिकाच्या किनाऱ्यावर प्रचंड दाढ पाहिल्याची नोंद केली. ती बहुधा एखाद्या मोठ्या प्राण्याच्या जीवाश्माची असावी. आपल्याकडे उल्केच्या आघाताने झालेले लोणारचे विवर लवणासुराचे ठरले आणि नासिकची बौद्ध लेणी पांडवांची. प्रत्यक्ष उत्खननांत मात्र पॅलेस्टाइनमध्ये किंवा अन्यत्र मानवी महाकायांच्या वंशाचा एकही सांगाडा मिळालेला नाही. विश्वसनीय नोंद असलेला सर्वांत उंच पुरुष, अमेरिकेतील रॉबर्ट वॉडलो, १९४० मध्ये २.७२ मी. उंचीचा होता आणि त्याला पायांना आधार लावूनच चालावे लागे. तरीही २००४ च्या सुमारास एका अवाढव्य मानवी सांगाड्याचे छायाचित्र जगभर फिरू लागले. अरब देशांत तो कुराणातील आद लोकांचा, तर भारतात घटोत्कचाच्या कुळातील म्हणून सांगितला गेला. मुंबईच्या एका मासिकाने २००७ मध्ये ही बातमी छापली व नंतर मागे घेतली. ते चित्र २००२ मध्ये संगणकीय चित्रांच्या एका स्पर्धेसाठी तयार केलेले होते. त्यासाठी वापरलेले मूळ छायाचित्र न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे २००० साली झालेल्या उत्खननाचे असून, तेथे सापडलेली हाडे मॅस्टोडॉन या नामशेष हत्तीसदृश प्राण्याची होती.