लाल दिव्याच्या आधी कळावे म्हणून

अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३चा टप्पा, म्हणजे आपला जुना सहा नंबर, २०२२च्या जूनमध्ये देशभर गाजला. लोणी ते माना या दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, गाड्यांचा वेग वाढला. ऊन मात्र होते तेच आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ ओलांडतो. २०२०च्या मे अखेरीस तो ४७च्याही पुढे गेला होता. अशा दिवसांत गाडीच्या डॅशबोर्डवर पाण्याच्या तापमानाचे वेगळे मीटर बसवून घेणे ही हौस नाही, ती गरज आहे.

हिशेब साधा आहे. रेडिएटर इंजिनातल्या पाण्याची उष्णता हवेला देतो, आणि किती देतो हे पाणी व हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५वर असेल तर फरक ६५चा. हवा ४६वर गेली की उरतात ४४. पंखा तोच, वेग तोच, तरी रेडिएटरची ताकद जवळपास एक तृतीयांशाने घटली. त्यातच एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला असतो. आपली गरम हवा तो मागे रेडिएटरवरच सोडतो. तापलेल्या डांबरालगतची हवा तर वेधशाळेच्या आकड्यापेक्षाही गरम असते.

दुसरे कारण जमिनीखालचे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर-मूर्तिजापूरकडे बोअरचे पाणी पिववत नाही, पण रेडिएटरची पातळी उतरली की तेच ओतले जाते. त्यातले क्षार बारीक नळ्यांत साचतात, क्लोराइड ॲल्युमिनियम खाते, आणि दोन उन्हाळ्यांत चांगला रेडिएटर अर्धा निकामी होतो. बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीने सांगितलेले कूलंट याशिवाय त्यात काहीही घालू नये. मीटर बसवण्याआधीचे काम हे आहे.

ॲम्बॅसेडर आणि महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये तापमानाचा खराखुरा काटा असे. आता अनेक छोट्या गाड्यांत फक्त दोन दिवे आले: इंजिन थंड असताना निळा, फार तापले की लाल. ज्या गाड्यांत काटा आहे, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. तापमान पंधरा-वीस अंश वरखाली झाले तरी तो जागचा हलत नाही, म्हणजे गिऱ्हाईक उगीच घाबरत नाही. लाल दिवा लागतो तेव्हा पाणी उकळायच्या बेतात आलेले असते. मग गॅस्केट उडते, ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि गॅरेजचे बिल हजारांत जाते.

जोडायच्या मीटरांत प्रकार बरेच आहेत. माझ्या मते वऱ्हाडात पहिला मान पाण्याच्या तापमानाचा, दुसरा व्होल्टमीटरचा. इंजिन चालू असताना व्होल्टमीटरने साधारण १३.८ ते १४.४ दाखवावे, त्याखाली राहिला तर अल्टरनेटर बघावा. जुन्या पद्धतीचा अँपिअर मीटर मात्र कोणी फुकट दिला तरी बसवू नये. स्टार्टरचा सोडून बॅटरीचा सगळा करंट त्याच्यातून, म्हणजे थेट केबिनमधून फिरतो, आणि एक जोड सैल पडला तरी आगीला निमित्त होते.

तापमानाच्या इलेक्ट्रिक मीटरचा जीव त्याच्या सेन्सरमध्ये असतो. पाणी तापले की या सेन्सरचा विद्युत रोध कमी होतो, आणि मीटर तो रोध मोजून काटा हलवते. म्हणून मीटर आणि सेन्सर एकाच संचातले हवेत. एकाचे मीटर आणि दुसऱ्याचा सेन्सर जोडला तर काटा फिरेल, पण आकडा खोटा असेल. गाडीचा मूळ सेन्सर कापून त्यातूनच वायर काढायची ही आणखी वाईट युक्ती. त्या सेन्सरवर इंजिनचा कॉम्प्युटर विसंबून असतो. त्याला चुकीचे तापमान कळले तर पंखा वेळेवर सुरू होत नाही.

वायरी चार. पहिली इग्निशनच्या करंटची, फ्यूज बॉक्समधून. चावी बंद केली की ती बंद झाली पाहिजे, आणि करंट जिथून घेतला तिथेच मीटरचा वेगळा छोटा फ्यूज हवा. दुसरी पार्किंग लाइटची, रात्री मीटरचा दिवा लागावा म्हणून. तिसरी सेन्सरची. ती इंजिनकडून केबिनमध्ये येते तेव्हा पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट असलाच पाहिजे, नाहीतर कडा इन्सुलेशन कापते. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर आपल्याकडच्या उन्हात टिकत नाही. टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. थिंबल दाबून किंवा सोल्डर करून वर हीटश्रिंक चढवावे.

चौथी अर्थची, आणि सगळा घोळ इथेच होतो. सेन्सर बहुधा वरच्या रेडिएटर होजमध्ये ॲडॉप्टर घालून बसवतात. होज रबराचा, म्हणजे ॲडॉप्टरला इंजिनचा अर्थ मिळतच नाही. त्याच्यापासून इंजिन ब्लॉकपर्यंत वेगळी वायर टाकावी लागते. ब्लॉकमध्येच सेन्सर बसवला आणि आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवले, तरी अर्थ तुटतो. कच्चा अर्थ म्हणजे वाढलेला रोध, आणि वाढलेला रोध मीटरला थंड पाण्यासारखा दिसतो. इंजिन उकळत असते आणि काटा ८०वर निवांत. हा दोष मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण मालक त्या काट्यावर विश्वास ठेवून गाडी दामटतो. उलट सेन्सरची वायर घासून बॉडीला टेकली तर काटा एकदम टोकाला जातो. तो दोष निदान लपत नाही. आणि ‘हेडलाइट लावले का काटा नाचून राह्यला’ अशी तक्रार असेल, तर मीटरच्याच मागचा अर्थ तपासावा.

बसवण्याआधी घरच्या घरी परीक्षा घेता येते. मीटर बॅटरीला जोडावे, सेन्सरच्या धातूला वायरने अर्थ द्यावा आणि त्याचे टोक उकळत्या पाण्यात धरावे. समुद्रसपाटीपासूनच्या आपल्या उंचीला पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते. काट्याने तेवढेच दाखवले पाहिजे.

नव्या गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट असते. त्यात छोटे रीडर खोचले तर वायर न कापता कॉम्प्युटरला दिसणारेच तापमान मोबाइलवर दिसते. वॉरंटीतल्या गाडीला मी हाच मार्ग सुचवीन. मात्र त्या सॉकेटच्या सोळाव्या पिनेला चावी बंद असतानाही करंट असतो; गाडी आठवडाभर उभी ठेवायची असेल तर रीडर काढून ठेवावे.

मीटर बसले की आपल्या गाडीचे आकडे लिहून ठेवावेत: जानेवारीत हायवेवर किती, मे महिन्यात एसी लावून बडनेऱ्याच्या गर्दीत किती, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना किती. नेहमीच्या आकड्याहून काटा आठ-दहा अंश वर चढला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात. केबिन भट्टी होईल, पण इंजिनातली उष्णता तेवढी बाहेर पडेल. तरी चढतच राहिला तर सावली बघून थांबावे आणि होज हाताला थंड लागेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. आणि वर चढलेला काटा एकाएकी खाली कोसळला तर गाडी निवली असे समजू नका. बहुतेक वेळा पाणी संपलेले असते आणि सेन्सर कोरडा लटकत असतो. इंजिन त्याच क्षणी बंद करा.