लिंबाचे चार थेंब, उसाची एक मोळी

दिवाळीच्या चिरोट्यांसाठी पाक चढला की घरातली जाणती बाई त्यात लिंबू पिळते. का, म्हणून विचारावं तर उत्तर ठरलेलं: पाकाची साखर होऊ नये. उत्तर अगदी बरोबर आहे. गंमत अशी, की त्या चार थेंबांनी कढईत जे घडतं ते घडू नये म्हणून राज्यातला प्रत्येक साखर कारखाना गळीत हंगामभर जिवाचं रान करतो.

उसाच्या साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची गाठ. पाण्यात आम्ल असलं की गाठ सुटते. सुटलेले रेणू, विशेषतः फ्रुक्टोज, उरलेल्या साखरेला स्फटिक धरू देत नाहीत. पाक पातळ राहतो, सुगरण खूश. हेच उसाच्या रसात झालं तर साखर पोत्यात न जाता मळीत जाते.

ही गाठ किती वेगानं सुटते, हे नेटकेपणानं मोजलं लुडविग विल्हेल्मी या जर्मन माणसानं. मूळचा औषधविक्रेता; दुकान विकून हायडेलबर्गला विज्ञान करायला गेला. त्यानं साखरेच्या द्रावणात नायट्रिक आम्ल घातलं आणि पोलरिमीटरला डोळा लावला. साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवतं आणि साखर पूर्ण फुटली की तोच प्रकाश डावीकडे वळतो. त्यामुळे क्रिया मध्येच न थांबवता, नुसता कोन वाचून किती साखर उरली ते कळत होतं. १८५० साली त्यानं निष्कर्ष छापला: कोणत्याही क्षणी वेग हा त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. आम्ल आणि तापमान बदललं की वेग कसा बदलतो, हेही त्यानं पाहिलं. दखल कोणीच घेतली नाही. १८६४ मध्ये तो वारला. ऑस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञानं त्याचं काम उजेडात आणलं ते १८८४ मध्ये.

त्यानंतर पाचच वर्षांनी स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियसनं याच साखरेवरून खरा पेच सोडवला. शाळेत आपण घोकतो, दहा अंश वाढले की वेग दुप्पट. साखर हा नियम मानत नाही. पंचविसावरून पस्तीस अंशांवर गेलं की तिचं फुटणं सुमारे चौपट होतं. आणि रेणूंची धावाधाव? ती तेवढ्यात दोन टक्केही वाढत नाही. मग चौपट कुठून? अऱ्हेनियस म्हणाला, सगळे रेणू फुटायला तयार नसतातच. पुरेशी ऊर्जा मिळालेले मूठभरच असतात, आणि उष्णतेनं त्या मुठीतली संख्या झपाट्यानं वाढते. लिंबाचं आम्ल वेगळं काम करतं: ते फुटण्याची अटच सोपी करतं, आणि स्वतः खर्ची पडत नाही. म्हणून चार थेंब पुरतात.

आम्लाहून वस्ताद निघालं ते इन्व्हर्टेज हे विकर. १९१३ साली बर्लिनमध्ये मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी त्याच्या वेगाचा हिशेब मांडला. इथे विल्हेल्मीचा साधा नियम अपुरा पडतो, कारण एका मर्यादेपलीकडे साखर कितीही वाढवा, वेग वाढत नाही. कारखान्याच्या यार्डात शंभर बैलगाड्या उभ्या असोत की दोनशे, गव्हाण तासाला तेवढाच ऊस घेते, तसंच.

हे विकर उसातही असतं. कोयता पडला, मोळी बांधली, की ते आणि जोडीला जिवाणू कामाला लागतात. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळावा, असा आग्रह. जळीत ऊस आणखी लवकर बिघडतो. हार्वेस्टरनं कांड्या केलेल्या उसाला कापलेली तोंडं जास्त, म्हणून तोही. यार्डात दोन दिवस उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं नुकसान दिसत नाही, कारण ऊस बाहेरून तसाच दिसतो. पण वजन घटतं, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) घटतो, आणि भाव तर उताऱ्यालाच बांधलेला. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं टनाला ३,५५० रुपये ठरवले ते १०.२५ टक्के उताऱ्याला. तोडणीचं वेळापत्रक हा मला तरी रसायनशास्त्राचाच प्रश्न वाटतो. तो तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयवर सोडून दिला जातो, एवढंच.

गाळपानंतर कारखाना आम्ल आणि उष्णता हेच दोन दोर उलटे खेचतो. रसात चुना घालून आम्लता मारतो आणि पाक निर्वात पॅनमध्ये उकळतो; तिथे हवेचा दाब कमी, म्हणून साठ-सत्तर अंशांवरच उकळी फुटते. प्रयोगशाळेत ‘पोल’, म्हणजे साखरेचं प्रमाण, काढतात तेही विल्हेल्मीच्याच जातीच्या यंत्रावर.

आता पुन्हा चिरोट्यांकडे. पाक उतरवून गार झाल्यावर लिंबू आठवलं, तर पिळण्यात अर्थ नाही. उकळत्या पाकाच्या मानानं तीस अंशांवर साखर फुटण्याचा वेग काही हजार पटींनी कमी असतो. आंबटपणा येईल, पाकाची साखर व्हायची ती होईलच. लिंबू आचेवर असतानाच पिळा, आणि त्यानंतर पाच मिनिटं तरी गॅस बंद करू नका.